हार्ड डिस्क ‘सापडत नाही’ म्हणजे गेली असे नव्हे

गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या चाळीतील एक भगिनी संध्याकाळी घरी आल्या. सोबत बारावीत शिकणारी मुलगी आणि रिक्षातून आणलेला जुना संगणक. चेहरा उतरलेला होता.

“दादा, दुकानवाला म्हणतो हार्ड डिस्क गेली. नवी टाका, नाहीतर भंगारात द्या.”

“मग अडचण काय, ताई?”

“ह्यांचे सगळे फोटो त्याच्यातच आहेत हो. आणि पोरीच्या जातवैधतेचे स्कॅन केलेले कागदही.”

यजमानांनी २००९ साली पतपेढीचे कर्ज काढून तो घेतला होता. ते वारल्यानंतर संगणक दोन वर्षे बंदच होता. आता मुलीच्या अभ्यासासाठी सुरू केला, तर निळा पडदा येऊन तो पुन्हापुन्हा बंद पडू लागला. दुकानदाराने विंडोज एक्सपीची जुनी सीडी घातली. या संगणकात हार्ड डिस्क आढळली नाही, असे उत्तर आले. त्यावरून त्याने निकाल देऊन टाकला.

वाचकहो, असे निकाल घरोघरी दिले जातात. म्हणून आम्ही त्या दिवशी काय केले, ते क्रमाने सांगतो.

संगणक सुरू करताच डिलीट ही कळ दाबत राहिलो. बऱ्याच संगणकांत ही कळ किंवा एफ-२ दाबली की बायोसचा पडदा उघडतो. संगणकात काय काय जोडले आहे याची नोंद तेथे असते. त्या नोंदीत हार्ड डिस्कचे नाव स्वच्छ दिसत होते. म्हणजे डिस्क जिवंत होती! पण त्याच पडद्यावर तारीख मात्र कित्येक वर्षांपूर्वीची होती.

कारण येथेच सापडले. आतल्या मदरबोर्डवर नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी असते. सीआर २०३२ या नावाने ती घड्याळाच्या दुकानातही मिळते. ती संपली की बायोस आपल्या नोंदी विसरतो आणि कारखान्यातील मूळ मांडणीवर जातो. या संगणकात डिस्कशी बोलण्याची पद्धत पूर्वी ‘आयडीई’ ठेवलेली होती. बॅटरी संपल्यावर ती ‘एएचसीआय’ झाली. एक्सपी आले २००१ साली. एएचसीआय ही पद्धत त्यानंतरची, म्हणून तिचा ड्रायव्हर एक्सपीच्या सीडीत नाही. माणूस घरातच आहे, पण हाक मारणाऱ्याला त्याची भाषा येत नाही, असा हा प्रकार.

वीज काढून बॅटरी बदलली, तारीख लावली, पद्धत पुन्हा ‘आयडीई’ केली. जुने एक्सपी निमूटपणे सुरू झाले. पहिला फोटो उघडला तेव्हा त्या माउलीने पदर डोळ्यांना लावला. सगळे फोटो आणि कागद प्रथम दोन वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले. हे काम नवी प्रणाली टाकण्याच्या आधीच करायचे असते, कारण ‘संपूर्ण डिस्क पुसा’ या पर्यायावर एक बोट पडले की मागचे परत मिळण्याची खात्री नाही.

एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. इंटरनेटसाठी ते सुरक्षित नाही. म्हणून पद्धत ‘एएचसीआय’ करून लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकली. तिला किमान २ जीबी मेमरी लागते, ती या संगणकात होती. एएचसीआयचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीच असतो. डिस्क लगेच दिसली.

विंडोज १० ची सर्वसाधारण देखभालही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. त्यामुळे जुन्या संगणकांवर नवी प्रणाली टाकण्याची वेळ अनेक घरांवर येत आहे. तेव्हा एवढे ध्यानात ठेवावे :

बायोसमध्ये डिस्कचे नाव दिसते का, हे प्रथम पाहावे. दिसत नसेल तर वीज काढून दोन्ही केबली पुन्हा घट्ट बसवाव्यात, दुसरी केबल किंवा दुसरे पोर्ट वापरून पाहावे. रुंद पट्टीची केबल असलेल्या फार जुन्या संगणकात एका केबलवर दोन डिस्क असतील, तर मागचे जंपर पाहावेत. दोन्ही ‘मास्टर’ ठेवले तर गोंधळ होतो.

नाव दिसत असेल पण प्रणाली टाकताना डिस्क सापडत नसेल, तर दोष बहुधा पद्धतीचा किंवा ड्रायव्हरचा असतो. बायोसमधील ‘आयडीई’, ‘एएचसीआय’, ‘रेड’ हे पर्याय पाहावेत. बदलण्यापूर्वी मूळ पर्याय कागदावर लिहून ठेवावा, कारण तो बदलल्यावर आधीचे विंडोज सुरू होईनासे होऊ शकते. मूळ पर्याय परत लावला की ते बहुधा पूर्ववत चालते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या काही लॅपटॉपमध्ये ‘व्हीएमडी’ चालू असल्यानेही विंडोज टाकताना डिस्क दिसत नाही. अशा वेळी लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’ येथे द्यावा.

मात्र डिस्कमधून टक्-टक् आवाज येत असेल, तर ती खरोखर आजारी आहे. पुन्हापुन्हा चालू करून पाहू नये. आतला मजकूर मोलाचा असेल तर जाणकाराकडेच न्यावी.

दुकानदार सगळेच फसवतात असे नाही. पुष्कळदा त्यांनाही घाई असते. पण “बायोसमध्ये नाव दिसते का?” एवढे विचारायला पैसे पडत नाहीत. आपल्या मुलींना हा प्रश्न विचारायला शिकवा.

परवा ती मुलगी भेटली. म्हणाली, “काका, बॅटरी बदलल्याची तारीख आणि पद्धत कागदावर लिहून डब्याच्या आतून चिकटवली आहे.” उत्तम केले, बाळ! आपणही तसेच करावे.