खाणारी, तीच राखणारी

आपल्याच जिल्ह्यात, अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात हारिती बसली आहे. मूळची ती मुलं खाणारी यक्षिणी. बुद्धाने तिचंच लाडकं लेकरू लपवलं, तेव्हा तिला इतर आयांचं दुःख कळलं आणि ती मुलांची राखणदार झाली. तिच्या पायाशी कोरलेली पोरं आजही मास्तरांसमोर दंगा करताहेत.

विहिरीकाठच्या साती आसरांचंही तसंच. झपाटतात म्हणून भ्यायचं, पाणी राखतात म्हणून शेंदूर लावायचा. मेक्सिकोत पाण्याकाठी लेकरांसाठी रडणारी ‘ला योरोना’ मात्र अजून भूतच आहे.

भूत आणि देवी यांच्यात अंतर किती? बहुधा एका ओटीचं. या अंकात ते अंतर मोजून पाहिलं आहे.