दानाची दुसरी बाजू

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये म्हणतात. त्यात दात्याची वहीही पाहू नये, हे आपण मनोमन धरून चाललो आहोत. कीर्द-खतावणी शिकणाऱ्या मला हे पटत नाही. जमेसमोर नावे असतेच.

इंग्लंडमधील हंटिंग्डनची काउंटेस सेलिना हेस्टिंग्ज (१७०७–१७९१) हिच्याविषयी वाचताना हेच जाणवले. मेथडिस्ट उपदेशक तेव्हा उघड्या मैदानावर गोरगरिबांना उपदेश करीत आणि प्रतिष्ठित लोक नाके मुरडीत. १७४६ मध्ये विधवा झालेल्या सेलिनाने जॉर्ज व्हिटफील्ड याला आपला खासगी धर्मोपदेशक नेमले व आपल्या दिवाणखान्यात बड्या लोकांना त्याची प्रवचने ऐकवली. उमराव घराण्यांना असे उपदेशक ठेवण्याचा हक्क होता. त्याच हक्काच्या आधारे तिने प्रार्थनामंदिरे उभारली. ब्राइटनच्या मंदिरासाठी १७६१ मध्ये दागिने विकले. १७६८ मध्ये वेल्समधील ट्रेव्हेका येथे उपदेशकांसाठी विद्यालय काढले. शिक्षण, जेवण, राहणे सारे फुकट. ती स्वतः व्यासपीठावर चढली नाही, पण त्यावर कोणी चढावे हे तीच ठरवी. चर्चच्या न्यायालयाने हरकत घेतली तेव्हा तिने आपला पंथच वेगळा केला. सुवार्तावादी ख्रिस्ती चळवळीला घर, पैसा आणि शिस्त देणारी ही बाई खरोखर मोठी!

ही झाली जमेची बाजू. १७७० मध्ये व्हिटफील्ड वारला. त्याच्या मृत्युपत्राने अमेरिकेतील जॉर्जियाचा बेथेस्डा अनाथाश्रम, त्याच्या जमिनी आणि तेथील गुलाम तिच्याकडे आले. तिने त्यांना मुक्त केले नाही. १७७३ मध्ये फिलिस व्हीटली या गुलाम तरुणीचा कवितासंग्रह लंडनमध्ये निघाला, तो याच काउंटेसला अर्पण केलेला होता. एका हाताने गुलाम कवयित्रीला आश्रय, दुसऱ्या हातात गुलामांची मालकी!

कोणी म्हणेल, त्या काळी कोणाला हे खटकत होते? पण तिच्याच परिचयातल्या जॉन वेस्लीने १७७४ मध्ये गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका काढली होती. तेव्हा काळावर सारा दोष ढकलता येणार नाही.

मी स्वतः एका देणगीच्या शिष्यवृत्तीवर शिकत आहे. त्या दात्याविषयी मला कृतज्ञता आहे. पण कृतज्ञता म्हणजे डोळे मिटणे नव्हे. ट्रेव्हेकाच्या विद्यार्थ्यांनी फुकट जेवताना बेथेस्डाच्या शेतांचा हिशेब विचारला असता, तर ते कृतघ्न ठरले असते का? माझ्या मते, तेच खरे तिचे शिष्य ठरले असते.

वाचकहो, दात्याला नमस्कार जरूर करावा; पण वहीची दोन्ही पाने वाचून.