रेल्वे अपघात : भरपाई ही मेहरबानी नव्हे

या सदरात मी एरवी रक्तदाब, मधुमेह, पावसाळ्यातील ताप अशा विषयांवर लिहितो. आजचा विषय कायद्याचा आहे, म्हणून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. पण ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला लोकल गाडी टाळता येत नाही. दांडीला लोंबकळून खांदा आखडलेला, गर्दीत बरगड्या चेपलेला, फलाटावर पाय मुरगळलेला, असा एक तरी रुग्ण रोज येतोच. आणि अधूनमधून असाही एक येतो, की ज्याचा पायच राहिलेला नसतो. त्या रुग्णाचे पुढचे आयुष्य कसे जाईल हे जितके शस्त्रक्रियेवर अवलंबून असते, तितकेच एका कायद्यावर आणि काही कागदांवर अवलंबून असते. म्हणून हा विषय आरोग्याचाच आहे असे मी मानतो.

ज्या ठाण्यापर्यंत १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी आली, त्याच ठाण्याच्या पुढे, मुंब्रा स्थानकाजवळच्या वळणावर ९ जून २०२५ रोजी सकाळी काय घडले ते आपण विसरलेला नसाल. विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन भरलेल्या लोकल एकमेकींच्या शेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. चौघे त्याच दिवशी दगावले, इतर जखमी झाले. त्या दिवशी सर्वत्र हळहळ व्यक्त झाली. पण त्याचबरोबर एक वाक्य माझ्या दवाखान्यातही ऐकू आले : ‘दारात उभे राहायचे कशाला? चूक त्यांचीच.’

हे वाक्य बोलणारी माणसे वाईट नसतात. पण या वाक्याने फार नुकसान होते. जखमीच्या घरच्यांनाही ते पटते आणि ‘आपलीच चूक, आता कुणाकडे काय मागायचे?’ असे म्हणून ते गप्प बसतात. कायदा मात्र असे म्हणत नाही.

कायदा काय म्हणतो?

रेल्वे अधिनियम १९८९ मध्ये १९९४ साली एक दुरुस्ती झाली आणि कलम १२४-अ आले. दोन गाड्यांची टक्कर झाली किंवा गाडी रुळावरून घसरली, तर भरपाईची तरतूद आधीपासून होती. नव्या कलमाने चालत्या गाडीतून अपघाताने खाली पडणाऱ्या प्रवाशालाही हक्क दिला. या कलमाचा गाभा असा, की रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई देण्याची जबाबदारी रेल्वेची. चूक कुणाची हा प्रश्न येथे विचारायचाच नाही.

अपवाद पाच आहेत. आत्महत्या किंवा तिचा प्रयत्न, स्वतःला मुद्दाम केलेली इजा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशेत किंवा वेडाच्या भरात केलेले कृत्य, आणि आजारपण किंवा नैसर्गिक कारणाने आलेला मृत्यू. यात ‘दारात उभा होता’ असा अपवाद कुठेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली प्रभाकरन विजयकुमार प्रकरणात, २०१० साली जमीला प्रकरणात आणि २०१८ साली रीना देवी प्रकरणात हा अर्थ क्रमाने स्पष्ट केला. गाडीत चढताना किंवा उतरताना पडणे हाही अपघातच. दारात उभे राहणे हा निष्काळजीपणा असेल, पण ते गुन्हेगारी कृत्य नव्हे, आणि निष्काळजीपणासाठी भरपाई नाकारता येत नाही. रीना देवी निकालाने आणखी एक मोठा दिलासा दिला. जखमीजवळ किंवा मृतदेहाजवळ तिकीट सापडले नाही, एवढ्यावरून तो विनातिकीट होता असे ठरत नाही. दावेदाराने प्रतिज्ञापत्रावर वस्तुस्थिती सांगितली, की ती खोटी असल्याचे दाखवण्याची जबाबदारी रेल्वेवर जाते.

दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. आपल्या भागातील माणसांसाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. मुदत अपघातापासून एक वर्ष. सबळ कारण दाखवले तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नये. निकाल मान्य नसेल तर उच्च न्यायालयात अपील करता येते. मृत्यू झाल्यास भरपाईची रक्कम १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख रुपये झाली. त्याआधी १९९७ पासून ती ४ लाख होती. दोन्ही पाय किंवा दोन्ही हात गेले, दृष्टी पूर्ण गेली, तर तेवढीच रक्कम. बाकीच्या इजांसाठी नियमांना जोडलेले एक परिशिष्ट आहे.

केसपेपरवरची एक ओळ

आता माझ्या अनुभवातील गोष्ट सांगतो. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत लेथ मशीनवर काम करणारा एक तरुण माझ्याकडे नेहमी येतो. कोपर ते दिवा दरम्यान तो गाडीतून पडला आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. ज्या रुग्णालयात त्याला नेले, तेथे घाईत केसपेपरवर लिहिले गेले : ‘रूळ ओलांडताना गाडीची धडक.’ ही माहिती कुणी दिली? स्ट्रेचर उचलणाऱ्याने. त्याने अपघात पाहिला होता का? नाही. रुग्ण तर बोलण्याच्या स्थितीतच नव्हता.

रूळ ओलांडणे हा कायद्याने गुन्हा आहे आणि ओलांडताना गाडीखाली सापडलेल्याला या कलमाखाली भरपाई नाही. म्हणजे त्या एका ओळीने प्रवाशाचा घुसखोर झाला. पुढे त्याच्या गाडीतल्या ग्रुपमधील दोघांनी प्रतिज्ञापत्रे दिली. मासिक पास घरच्यांनी जपून ठेवला होता. दावा मंजूर झाला, पण तीन वर्षांनी. तोवर नोकरी गेली होती, कृत्रिम पाय कर्ज काढून घेतला होता, आणि तो नीट मापाचा नसल्यामुळे खुंटाला जखम होऊन माझ्याकडे ड्रेसिंगच्या फेऱ्या सुरू होत्या. तीच रक्कम पहिल्या सहा महिन्यांत मिळाली असती तर चांगला पाय, फिजिओथेरपी आणि बहुधा नोकरीही राहिली असती.

माझ्या व्यवसायबंधूंना म्हणूनच विनंती आहे. अपघाताचा इतिहास लिहिताना तो कुणी सांगितला हे लिहा. नक्की माहीत नसेल तर ‘रेल्वे अपघात’ एवढेच लिहा, अंदाज लिहू नका. दारूचा वास आला नसेल तर तसेही स्पष्ट नोंदवा, कारण नशा हा अपवादांपैकी एक आहे. अवयव कापावा लागला तर कोणत्या पातळीवर कापला आणि खुंट किती लांब उरला हे मोजून लिहा. परिशिष्टात रक्कम त्या मापावर बदलते. डिस्चार्ज कार्डावर नुसते ‘पाय कापला’ लिहून रुग्णाला पाठवले, तर पुढे त्याला ते माप सिद्ध करण्यासाठी हेलपाटे घालावे लागतात. आणि पोलीस येईपर्यंत हात लावायचा नाही, हा जुना गैरसमज आता तरी सोडून द्यावा. आधी उपचार, मग कागद, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ सालीच बजावले आहे.

नातेवाइकांनी काय करावे?

पहिला विचार अर्थातच जिवाचा. रक्त वाहत असेल तेथे स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. मानेला किंवा पाठीला मार असेल तर मान वाकवू नका, उचलताना चारपाच जणांनी अंग सरळ ठेवून उचला. पाणी, चहा पाजू नका. तुटलेला अवयव सापडला तर स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फात ठेवा. अवयव थेट बर्फावर ठेवू नका. रेल्वेची मदतवाहिनी १३९, लोहमार्ग पोलिसांची १५१२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे तीन क्रमांक पाकिटात लिहून ठेवा. स्थानकांवर रुग्णवाहिका व तातडीचे वैद्यकीय कक्ष असावेत यासाठी समीर झवेरी यांनी उच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. ते स्वतः रेल्वे अपघातात दोन्ही पाय गमावलेले गृहस्थ आहेत. ती सोय आपल्या स्थानकावर चालू आहे की नाही, हे प्रवासी संघटनांनी पाहत राहिले पाहिजे.

जीव सावरला की कागद. जखमी स्थानकातून गेला असेल तर स्टेशन मास्तरचा मेमो असतो, त्याची प्रत मागा. पुष्कळदा माणूस ठाण्याला पडतो आणि मित्र त्याला रिक्षात घालून थेट कल्याणच्या ओळखीच्या डॉक्टरकडे आणतात. उपचार होतात, पण अपघात झाल्याची नोंदच कुठे राहत नाही. अशा वेळी त्याच दिवशी लोहमार्ग पोलिसांना कळवा आणि डॉक्टरांना पोलीस केस म्हणून नोंद करायला सांगा. तिकीट किंवा पास, पोलिसांचा जबाब व पंचनामा, केसपेपर, एक्स-रे, औषधांची बिले, डिस्चार्ज कार्ड हे सर्व एका फाइलीत ठेवा. सोबतच्या प्रवाशांची नावे आणि पत्ते आठवतात तोवर लिहून घ्या. शासकीय रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखला जरूर काढा, पण त्यावरची टक्केवारी आणि रेल्वेच्या परिशिष्टातील रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात असू द्या. आणि वॉर्डाबाहेर ‘सगळे मी बघतो, निम्मे माझे’ म्हणणारा कुणी भेटला, तर कोऱ्या कागदावर सही करू नका.

भरपाईचा पैसा आला की पहिला खर्च शरीरावर करा. खुंट भरून आल्यावर लगेच व्यायाम सुरू व्हावा, सांधा आखडू देऊ नये, कृत्रिम पाय मापाचा असावा. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, तेथे जरूर दाखवा. नसलेल्या पायात कळा येतात असे रुग्ण सांगतो तेव्हा त्याला वेड लागलेले नसते. तो मेंदू व मज्जातंतूंशी संबंधित एक ज्ञात त्रास आहे आणि त्यावर उपचार आहेत. झोप उडणे, गाडीचा आवाज ऐकून घाम फुटणे, कुणाशी न बोलणे, हेही अपघाताचेच भाग आहेत. तेही डॉक्टरांना सांगा.

माझे मत

कायदा चांगला आहे, पण अपुरा आहे. रस्त्यावरच्या अपघातात न्यायाधिकरण माणसाचे वय, उत्पन्न, कुटुंब पाहून भरपाई ठरवते. रेल्वेच्या परिशिष्टात मात्र शिंप्याचे बोट आणि मुकादमाचे बोट एकाच भावाचे. ठरावीक रकमेचा फायदा एकच, की हिशेबात वेळ जाऊ नये. पण दावा वर्षानुवर्षे लढवला जात असेल तर तोही फायदा उरत नाही. चूक विचारायची नाही असे कायदा म्हणत असताना, दाव्यादाव्यात जखमीचीच चूक शोधत बसणे रेल्वेला शोभत नाही. ४ लाखांचे ८ लाख व्हायला १९ वर्षे लागली. ही रक्कम महागाईशी जोडून दर दोन-तीन वर्षांनी आपोआप वाढली पाहिजे. आणि ज्याचा अवयव गेला त्याच्या पहिल्या कृत्रिम अवयवाचा व फिजिओथेरपीचा खर्च दाव्याच्या निकालापर्यंत न थांबता रेल्वेने उचलला पाहिजे.

भरपाई मिळते म्हटल्यावर लोक बेफिकीर होतील, असे काही जण म्हणतात. आठ लाखांसाठी पाय देणारा माणूस मला इतक्या वर्षांत भेटलेला नाही. खांबाला हात लावत कसरती करणाऱ्या पोरांचे मी समर्थन करत नाही, त्यांना आवरलेच पाहिजे. पण सकाळी आठला डोंबिवलीच्या फलाटावर उभ्या असलेल्या गृहस्थाला आत शिरायला जागा नसते म्हणून तो दारात असतो. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर २०२३ या एका वर्षात अडीच हजारांवर माणसे मेली. इतकी माणसे एखाद्या साथीत गेली असती, तर रोग्याला दोष न देता आपण पाण्याचा नमुना तपासला असता.

तेव्हा वाचकहो, पास रोज जवळ ठेवा आणि त्याचा फोटो घरी कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असू द्या. देव करो आणि त्याची गरज न पडो. पण पडलीच, तर हात पसरायला जातो आहोत असे समजू नका. पास काढताना आपण रेल्वेला जे पैसे दिले, त्यात सुखरूप पोहोचवण्याची हमी होती. ती पुरी झाली नाही, म्हणून आपण आपले देणे मागत असतो.