शंभर रुपयांची कपात सूचना आणि तुराट्यांची चूल

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे वाचन-लेखन बंद होतं. पुण्याच्या भाच्याने दोनदा फोन करून विचारलं, "मावशी, लिहिणं सोडलंस की काय?" सोडलं नाही रे बाबा. विषय डोक्यात घोळत होता, तो नीट बसत नव्हता.

विषय सुचला तो एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी. चिखली तालुक्यातलं छोटंसं गाव. दिवाळीनंतर तिच्याकडे गेले होते. तिच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली लाल सिलिंडर उभा होता, त्याच्यावर स्वच्छ धुतलेलं फडकं, फडक्यावर लोणच्याची बरणी. शेगडीही चकचकीत. चहा मात्र आला तो मागच्या अंगणातल्या चुलीवरून, तुराट्यांच्या जाळावरचा. मी विचारलं, "गॅस संपला का गं?"

"संपला नाही बाई, पुरवून वापरतो. पोरीची सकाळची शाळा असली, पावसात काड्या ओल्या झाल्या, पाव्हने आले, तं पेटवतो. एकदम भराले पैसे लागते नं. तुराट्याले कोन पैसे मागते?"

"मग आज पाहुणी आली तरी चूलच?"

"तुमी काई पाव्हन्या हायेत का बाई?" म्हणून ती हसली. मीही हसले. पण धुराने दोघींच्याही डोळ्यांना पाणी आलं होतं, आणि माझ्या डोळ्यांचं तर नुकतंच ऑपरेशन झालेलं!

परतताना एसटीत बसल्या बसल्या मला माझाच नागरिकशास्त्राचा तास आठवला. "संसद शासनावर नियंत्रण कसे ठेवते?" प्रश्नोत्तराचा तास, शून्य प्रहर, कपात सूचना, स्थगन प्रस्ताव, अविश्वास ठराव. पाच मुद्दे फळ्यावर लिहायचे, मुलं वहीत उतरवायची, परीक्षेत लिहायची. या पोरीनेही लिहिले असतील. त्या पाच मुद्द्यांचा तिच्या चुलीशी काय संबंध, हे मी तिला कधी सांगितलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही ते कळलेलं नव्हतं.

त्यातला कपात सूचना हा मुद्दा मुलांना नेहमी गमतीचा वाटे. सरकार एखाद्या खात्यासाठी हजारो कोटींची मागणी सभागृहापुढे ठेवतं आणि एखादा सदस्य उठून म्हणतो, यातून शंभर रुपये कमी करा! मुलं म्हणायची, "बाई, शंभर रुपयांनी काय होते?" मी सांगायची, ते शंभर रुपये म्हणजे गाऱ्हाणं मांडायची रीत आहे, आणि सूचना मंजूर झाली तर सरकारवर सभागृहाचा विश्वास उरला नाही असं धरतात.

या हत्याराचा इंधनाच्या भावावरून गाजलेला वापर झाला तो २७ एप्रिल २०१० रोजी. इंधन आणि खताच्या दरवाढीविरुद्ध विरोधकांनी लोकसभेत कपात सूचना आणल्या, रीतसर मतदान झालं. सूचनेच्या बाजूने २०१ आणि विरुद्ध २८९ मतं पडली. सूचना पडली, मनमोहनसिंगांचं सरकार टिकलं. पण भर सभागृहात सरकारला भाववाढीचं समर्थन करावं लागलं आणि कोणाचं मत कुठे पडलं ते देशाला दिसलं. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जून २०१० मध्ये, पेट्रोलचा भाव सरकारच्या हातून काढून बाजाराच्या हवाली झाला. डिझेलचं तसंच ऑक्टोबर २०१४ मध्ये झालं. १६ जून २०१७ पासून तर भाव रोज सकाळी बदलायला लागले.

आता कोणी म्हणेल, भाव ठरवणं हे काय संसदेचं काम आहे? नाहीच. ५४३ माणसांनी रोज बसून पेट्रोलचा भाव ठरवावा असं मीही म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच की भाव ज्या नियमाने ठरतो आणि त्यावर कर किती बसतो, त्याची चर्चा तरी सभागृहात व्हावी. तीही होत नाही.

एक उदाहरण देते. २३ मार्च २०२० ला, कोरोनाच्या धास्तीत, लोकसभेने वित्त विधेयक चर्चेविना मंजूर केलं. त्यातल्या एका दुरुस्तीने पेट्रोल-डिझेलवरच्या विशेष अतिरिक्त अबकारी कराची कमाल मर्यादा लिटरमागे आठ-आठ रुपयांनी वाढवली. सहा आठवड्यांनी, ५ मे २०२० च्या रात्री, अबकारी कर आणि रस्ते उपकर मिळून पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये वाढले. पंपावरचा भाव त्या दिवशी वाढला नाही, कारण जगात कच्चं तेल कोसळलेलं होतं. पण ती स्वस्ताई आपल्या ट्रॅक्टरपर्यंत पोचायच्या आधीच तिजोरीत गेली. त्या वेळी सरकारला पैशाची गरज होती, हे मान्य. मग तेच सभागृहात उभं राहून सांगायचं होतं.

सिलिंडरचंही असंच. जानेवारी २०१५ पासून देशभर अनुदान थेट बँकेच्या खात्यात यायला लागलं. मे २०२० मध्ये जागतिक भाव पडल्यामुळे बाजारभाव आणि अनुदानित भाव एक झाले, म्हणून अनुदान शून्यावर आलं. ते बरोबरच होतं. पुढे भाव चढले, पण बहुतेक घरांचं अनुदान काही परत आलं नाही. ते बंद झाल्याचं कोणी सभागृहात जाहीर केलं नाही, त्यावर मतदान झालं नाही. आमच्या शेजारणी पासबुक भरून आणायच्या आणि मला विचारायच्या, "बाई, गॅसचे पैसे कुठी दिसत नाहीत?" मी काय सांगणार!

नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. सरकारचं म्हणणं असं की जून २०२० ते जून २०२२ या काळात गॅसचे आंतरराष्ट्रीय भाव सुमारे ३०० टक्के वाढले, पण देशात वाढ ७२ टक्क्यांवर रोखली, आणि त्यापायी तेल कंपन्यांना तोटा झाला. तो भरून काढायला १२ ऑक्टोबर २०२२ ला मंत्रिमंडळाने कंपन्यांना २२ हजार कोटी मंजूर केले. संसदेचं अधिवेशन तेव्हा चालू नव्हतं. म्हणजे पैसा आपलाच, पण गृहिणीच्या खात्यात आला असता तर तिला दिसला असता. तो कंपनीच्या खात्यात गेला, एकरकमी आणि दोन वर्षांनी.

हे वाचून आमचे काही नातेवाईक म्हणतील, मावशी एका पक्षाविरुद्ध लिहिते. नाही हो. २००५ ते २०१० या काळात आधीच्या सरकारने तेल कंपन्यांना रोख पैशांऐवजी रोखे दिले. भाव कमी ठेवल्याचं श्रेय तेव्हाच घेतलं आणि सुमारे १ लाख ३० हजार कोटींची परतफेड पुढच्यांच्या गळ्यात टाकली. २०१२ च्या सप्टेंबरात त्याच सरकारने वर्षाला सहाच अनुदानित सिलिंडर अशी मर्यादा घातली, २०१३ च्या जानेवारीत ती नऊ झाली. १७ जानेवारी २०१४ ला राहुल गांधींनी पक्षाच्या अधिवेशनात बारा सिलिंडर मागितले, आणि दोन आठवड्यांच्या आत मंत्रिमंडळाने ते दिले. पुढे ८ मार्च २०२४ ला, महिलादिनी, पंतप्रधान मोदींनी सिलिंडर १०० रुपयांनी स्वस्त केल्याचं समाजमाध्यमावर जाहीर केलं. दोन्ही वेळा निवडणूक तोंडावर होती. बायकांच्या पदरात दोन्ही वेळा काहीतरी पडलं, ते मी नाकारत नाही. पण हक्काचं ते सभागृहात मिळतं. मंचावरून मिळते ती ओवाळणी.

आमच्या पिढीने वेगळे दिवस पाहिले आहेत. १९७२-७३ च्या दुष्काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी मुंबईत महागाईविरुद्ध बायकांचे लाटणे मोर्चे काढले, त्यात रॉकेलचा टंचाईचा प्रश्नही होता. नोव्हेंबर १९७३ मध्ये इंधनाच्या दरवाढीचा निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. बैलगाडीने भाव उतरत नसतो, पण चुलीचा प्रश्न संसदेच्या दारापर्यंत तर गेला! आता २३ मार्च २०२३ चं पाहा. लोकसभेने सुमारे ४५ लाख कोटींच्या मागण्या चर्चा न करता एकदम मताला टाकून संमत केल्या. त्याला गिलोटिन म्हणतात. एका बाजूचा गोंधळ आणि दुसऱ्या बाजूचा हट्ट, दोन्ही कारणीभूत. त्या गिलोटिनखाली सगळ्यांच्या कपात सूचनाही गेल्या. माझ्या फळ्यावरचा एक मुद्दा खोडला गेला म्हणायचा.

मग उरलं काय? उरलं ते कंटाळवाणं काम, आणि तेच मला हल्ली सगळ्यांत मोलाचं वाटायला लागलं आहे. उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली. कोट्यवधी घरांत पहिल्यांदा गॅस आला, ही मोठी गोष्ट झाली, त्यात वाद नाही. पण पुढे तो भरला जातो का, हे कोण पाहणार? ते पाहिलं महालेखापरीक्षकांनी. डिसेंबर २०१९ मध्ये संसदेत आलेल्या त्यांच्या अहवालात होतं की योजनेतल्या, जोडणीला वर्ष झालेल्या घरांचा वार्षिक वापर मार्च २०१८ अखेर सरासरी ३.६६ सिलिंडर होता, तो डिसेंबर २०१८ अखेर ३.२१ वर आला.

ऑगस्ट २०२२ मध्ये राज्यसभेत लेखी प्रश्नाच्या उत्तरात पेट्रोलियम राज्यमंत्री रामेश्वर तेली यांनी आकडे दिले. दुसऱ्या दिवशी बातमी झाली, पाच वर्षांत ४ कोटी १३ लाख लाभार्थ्यांनी एकदाही सिलिंडर भरला नाही. मी मूळ उत्तर भाच्याकडून मागवून घेतलं. ते आकडे वर्षवार होते! पाच वर्षांची बेरीज करून बातमी केलेली. हजेरीपटात एक मुलगा पाच महिने गैरहजर असला तर पाच मुलं गैरहजर, असं म्हणण्यासारखं झालं ते. खरा आकडा वाचायचा तर २०२१-२२ या एका वर्षात ९२ लाख घरांनी एकही सिलिंडर भरला नाही आणि १ कोटी ८ लाख घरांनी एकच भरला. हाही आकडा काही लहान नाही. आरडाओरडा करायला चुकीची बेरीज कशाला हवी?

आणि त्याच्या पुढचं पाहा. मे २०२२ पासून उज्ज्वलाच्या घरांना सिलिंडरमागे २०० रुपये मिळायला लागले, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ३०० झाले. २०१९-२० मध्ये ३.०१ असलेली सरासरी २०२३-२४ मध्ये ३.९५ वर गेली. कोणी विचारलं, आकडा बाहेर आला, आकड्यामुळे लाज वाटली, लाजेमुळे पैसे आले, असा सरळ हिशेब मी मांडणार नाही. पण आकडाच बाहेर आला नसता तर काय झालं असतं, त्याचा विचार करून पाहा.

आता आपल्या जिल्ह्याकडे येते. बुलढाण्याचे खासदार प्रतापराव जाधव. २०१९ नंतर ते संसदेच्या ग्रामविकास समितीचे आणि २०२२ मध्ये माहिती तंत्रज्ञान समितीचे अध्यक्ष झाले, म्हणजे सरकारी कामाची तपासणी कशी होते ते त्यांनी आतून पाहिलेलं. मलकापूरचा भाग रावेर मतदारसंघात, तिथे रक्षा खडसे. जून २०२४ मध्ये दोघंही केंद्रात राज्यमंत्री झाले. अभिमानाची गोष्ट आहे. पण मंत्री प्रश्न विचारत नसतात, उत्तरं देतात. संसदेच्या स्थायी समित्यांवरही मंत्र्यांना बसता येत नाही. म्हणजे एकाच दिवशी आपल्या तेराही तालुक्यांच्या वतीने लोकसभेत प्रश्न विचारणारं कोणी उरलं नाही. ढोल-ताशांत आपल्या कोणाच्याच ते लक्षात आलं नाही.

उपाय मात्र आहे. बुलढाण्याचा प्रश्न बुलढाण्याच्याच खासदाराने विचारावा असा नियम नाही. महाराष्ट्रातून राज्यसभेवर १९ सदस्य जातात. त्यांतल्या कोणालाही साधं पत्र लिहून सांगता येईल की एवढंच विचारा: बुलढाणा जिल्ह्यात उज्ज्वलाच्या किती जोडण्या आहेत, आणि त्यांतल्या किती घरांनी मागच्या वर्षी शून्य, एक, दोन, तीन सिलिंडर भरले? तालुक्यावार मिळालं तर उत्तमच. देशाची सरासरी ही आमच्या पोरीच्या अंगणातला धूर मोजत नाही.

मी असं पत्र लिहायला घेतलं आहे. अक्षर पूर्वीसारखं राहिलं नाही, पण वाचता येईल इतपत आहे. उत्तर आलं तर इथे लिहीनच. नाही आलं तर दुसऱ्या सदस्याला लिहीन. उरलेल्या सतरा जणांचे पत्ते आहेतच.

त्या विद्यार्थिनीला फोनवर हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, तवा हे असं शिकवलं असतं तं पाचपैकी पाच भेटले असते नं मले!"

मी म्हटलं, "चूक माझी. पण पोरीला सांग, ती शिकतेय तोवर विचारायला शिकू दे."

तुमच्याकडे गावी काय परिस्थिती आहे? सिलिंडरवर फडकं आहे की शेगडीखाली जाळ? जरूर कळवा.