जावयाचा मान

जावई घरी आला की सासूबाईंची धावपळ सुरू होते. त्याला काम सांगणे तर दूरच! नळ आठवडाभर गळत असला तरी त्या बोलत नाहीत. तुमच्या घरी तरी दामादमियाँना कोणी बाजारात पाठवते का? हा मान मला पटत नाही.

नवी मुंबईत सिडकोच्या कित्येक जुन्या इमारतींना लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या सासूबाईंना दळण, औषध, बँक अशा प्रत्येक कामासाठी जिना उतरावा लागतो. हळूहळू त्या बाहेर पडणेच सोडून देतात. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. पण स्टँडपर्यंत त्यांना नेणार कोण?

आईवडिलांच्या सांभाळासाठी २००७ मध्ये कायदा झाला. त्यात मुलगा, मुलगी आणि मोठी नातवंडे यांच्यावर जबाबदारी टाकली आहे, जावयावर नाही. म्हणून त्यानेच आपणहून विचारावे, "आई, आज काय काम आहे?" नळाचा वायसर बदलावा, त्यांना बाजारात न्यावे. मात्र भाजी त्यांनाच निवडू द्यावी, भावही त्यांनाच करू द्यावा. जावयाने पिशवी धरावी, आणि परतताना जिन्यावर घाई करू नये.