बार्टन हॉलची रात्र: अस्सल साधन की निवडक बखर?

आजचा धागा एका चमत्कारिक नोंदीपासून सुरू करतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे राष्ट्रीय महत्त्वाच्या ध्वनिमुद्रणांची एक सूची आहे. तिच्या २०११ सालच्या निवडीत ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडची एक मैफल आहे: ८ मे १९७७, बार्टन हॉल, कॉर्नेल विद्यापीठ, इथाका, न्यूयॉर्क राज्य. नवल हे की, ही निवड झाली तेव्हा ती मैफल कोणीही अधिकृतपणे प्रकाशित केलेली नव्हती. तिची मूळ टेप खुद्द बँडच्या संग्रहातही नव्हती.

जी वस्तू मालकापाशी नाही आणि दुकानातही नाही, ती राष्ट्रीय ठेवा कशी ठरली? या प्रश्नाच्या पोटात जुन्या मैफलींच्या प्रकाशनाचा सारा वाद दडलेला आहे. त्या वादात मी कोणत्या बाजूचा, तेही आधीच सांगून टाकतो. जुनी मैफल प्रकाशित करायची तर ती अखंड करावी, चुकांसकट करावी, आणि जिथे दुरुस्ती केली असेल तिथे तसे छापून सांगावे. एरवी जे हाती पडते ती बखर. चांगली असेल, रसाळही असेल, पण बखरच.

थोडी पार्श्वभूमी. ग्रेटफुल डेडचा जन्म १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात झाला. १९९५ मध्ये जेरी गार्सियांच्या निधनाने त्याचा शेवट झाला. या तीस वर्षांत सुमारे २,३०० कार्यक्रम झाले. गाण्यांचा क्रम रोज निराळा असे, आणि एकच गाणे आज आठ मिनिटांचे, तर उद्या पंचवीस मिनिटांचे होई. स्टुडिओतल्या तबकड्यांवरून या बँडची ओळख होणे कठीण होते. राग तोच असला तरी कालची मैफल आज होत नाही, हे आपल्याकडच्या श्रोत्याला वेगळे समजावून सांगायला नको.

म्हणून श्रोते मायक्रोफोन घेऊन येऊ लागले. आधी चोरूनमारून आणि पुढे उघडपणे. मायक्रोफोनच्या काठ्यांचे जंगल इतके माजले की ध्वनितंत्रज्ञाला रंगमंच दिसेना. अखेर ऑक्टोबर १९८४ मध्ये बँडने ध्वनिमिश्रणाच्या मेजामागे ‘टेपर’ मंडळींसाठी स्वतंत्र जागाच राखून दिली. वाजवून झाले की ते श्रोत्यांचे, अशी गार्सियांची भूमिका होती. अट एकच, विक्री करायची नाही. त्यातून कॅसेटींच्या देवघेवीचे एक अफाट जाळे उभे राहिले. नवख्याने कोऱ्या कॅसेटी आणि परतीचा टपालखर्च पाठवायचा, जुन्याजाणत्याने प्रत काढून धाडायची.

प्रतीची प्रत काढली की खरखर वाढते. त्यामुळे आपली प्रत मूळ टेपेपासून कितवी, मध्ये कोणते यंत्र आले, याची वंशावळ ही मंडळी कॅसेटीच्या वेष्टनावर टिपून ठेवत. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी हस्तलिखितांची कुळे लावली गेली, तीच ही दृष्टी. फरक इतकाच की हे काम महाविद्यालयीन पोरे वसतिगृहाच्या खोलीत, कोणत्याही अनुदानाविना करत होती.

आता त्या ८ मेच्या टेपेकडे वळू. ती टेप प्रेक्षागारातली नव्हे. बेटी कँटर-जॅक्सन या ध्वनितंत्रज्ञ बाई सत्तरच्या दशकात बँडबरोबर फिरत आणि सभागृहाच्या ध्वनीवर विसंबून न राहता, स्वतःच्या कानाने तोल साधत, थेट दोन पट्ट्यांच्या रिळावर मुद्रण करत. दोन पट्ट्यांच्या मुद्रणाला मागाहून फिरवाफिरव चालत नाही. गिटार किती वर, आवाज किती पुढे, हे त्या रात्री त्या क्षणी ठरले ते ठरले. म्हणजे त्या टेपेवर बँड आहे, तसाच एका जाणत्या स्त्रीचा कानही आहे.

पुढची हकीकत क्लेशदायक आहे. बाईंचे बँडशी असलेले काम सुटले. त्यांच्यापाशी असलेली रिळे भाड्याच्या गोदामात पडून होती. भाडे थकले, आणि १९८६ मध्ये गोदामातील सामानाचा लिलाव झाला. शेकडो रिळे घरगुती सामानासारखी परक्यांच्या हाती गेली. त्यांतल्या काहींवरून उतरवलेल्या उत्तम प्रती थोड्याच काळात देवघेवीच्या जाळ्यात आल्या. श्रोत्यांनी त्यांना नाव दिले ‘बेटी बोर्ड्‌स’. कॉर्नेलची कीर्ती देशभर पसरली ती या प्रतींमुळे. मूळ रिळे बँडच्या संग्रहात परतायला आणखी कितीतरी वर्षे लागली. अधिकृत प्रकाशन झाले मे २०१७ मध्ये, मैफलीला चाळीस वर्षे होताना.

जे नाव श्रोत्यांनी प्रेमाने दिले, ते मुखपृष्ठावर बँडच्या नावाखालोखाल असायला हवे, आतल्या पानावरच्या बारीक अक्षरांत नव्हे. बखरकाराचे नाव आपण आवर्जून सांगतो, मग मुद्रण करणाऱ्या व्यक्तीचे का झाकावे?

इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थबकून एक शंका घ्यावी. कॉर्नेलची रात्र थोर म्हणून तिची टेप पसरली, की टेप चांगली आणि सहज मिळणारी म्हणून रात्र थोर ठरली? मला दुसरी शक्यता बरीच बळकट वाटते. ज्या किल्ल्याचे दप्तर टिकले त्याचा इतिहास लिहिला जातो, शेजारच्या किल्ल्यावर काहीच घडले नाही असे त्यावरून सिद्ध होत नाही. २०१७ च्या मोठ्या संचात ५, ७, ८ आणि ९ मे अशा चार रात्री शेजारी शेजारी ठेवल्या, हे म्हणूनच मला त्या प्रकाशनातले सर्वांत मोलाचे काम वाटते. ९ मेची बफेलोची मैफल ऐकणारे काही जाणकार तिला कॉर्नेलच्या वर बसवतात. एकच रात्र सोनेरी चौकटीत छापली असती, तर हा वाद करायला पुरावाच उरला नसता.

याउलट निवडक प्रकाशनाचे काय होते ते पाहा. १९७२ च्या एप्रिल-मे महिन्यांत बँडने युरोपात २२ कार्यक्रम केले. त्याच वर्षी तीन तबकड्यांचा ‘युरोप ७२’ हा संच निघाला आणि गाजला. संच सुरेख आहे, वाद नाही. पण त्यातले पुष्कळसे गायन अमेरिकेत परतल्यावर स्टुडिओत नव्याने भरलेले आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोक ‘प्रत्यक्ष मैफल’ म्हणून जे ऐकत आले, ते रात्रीचे वाद्य आणि दिवसाचा गळा यांचे कलम होते. २०११ मध्ये बाविसच्या बावीस कार्यक्रम ७३ सीडींत बाहेर आले, तेव्हा कुठे दौऱ्याची खरी चाल कळली: कोणते गाणे कुठे बसत गेले, कुठे गडी थकले, कुठे उगाच लांबण लागली.

दरम्यान एक सच्चा मार्ग डिक लॅटव्हाला या गृहस्थांनी दाखवून दिला होता. हे मुळात श्रोते. टेपा जमवता जमवता बँडच्या भांडाराचे रखवालदार झाले. १९९३ मध्ये त्यांच्या निवडीची ‘डिक्स पिक्स’ ही मालिका सुरू झाली आणि २००५ पर्यंत तिचे ३६ भाग निघाले. लॅटव्हाला १९९९ मध्ये वारले, मालिका पुढे चालू राहिली. या मालिकेच्या वेष्टनावर ग्राहकाला सावध करणारी सूचना असे: हे दोन पट्ट्यांचे जुने मुद्रण आहे, यात दोष आहेत, ते समजून घ्या. पहिला भाग पूर्ण मैफलीचा नव्हता, तेवढा उणेपणा मान्य. पण दोष झाकण्याऐवजी छापून विकणारा व्यापारी विरळा.

दुरुस्तीच्या मी विरोधात नाही. सत्तरच्या दशकातल्या पुष्कळ टेपांमधील चिकटद्रव्य हवेतला ओलावा शोषून घेते. मग टेप यंत्रात चिकटते आणि ध्वनीचा थर खरवडून निघतो. अशी टेप ५०-५५ अंश सेल्सिअसच्या मंद उष्णतेत कित्येक तास ठेवून तात्पुरती वाजवण्याजोगी करावी लागते. कॉर्नेलच्या टेपेच्या गतीतले हेलकावे दूर करताना तर एक विलक्षण युक्ती वापरली आहे. मुद्रणाच्या वेळी टेपेवर कानाला न ऐकू येणारा एक अतिउच्च स्वर उमटलेला असतो, तो शोधून काढायचा आणि त्याच्या आधाराने मूळ गती ठरवायची. हे काम फाटलेला कागद डिंकाने जोडण्याचे आहे, त्यावर नवी अक्षरे लिहिण्याचे नव्हे. रीळ बदलताना हुकलेला तुकडा दुसऱ्या टेपेवरून घेतला तरी माझी तक्रार नाही. कुठून कुठपर्यंत घेतला, एवढे लिहा म्हणजे झाले.

एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. गाणाऱ्याला आपली फसलेली रात्र झाकण्याचा हक्क नाही काय? जिवंतपणी आहे, आणि तो मानला पाहिजे. म्हणून मी ‘सगळे आजच बाहेर काढा’ असे म्हणत नाही. झाकायचे असेल ते झाकावे, पण पुसू नये, आणि जे दाखवाल ते ‘जसेच्या तसे’ या पाटीखाली रंगवून दाखवू नये.

पैशाचा मुद्दा निघणारच. नोव्हेंबर २००५ मध्ये बँडच्या सांगण्यावरून इंटरनेट आर्काइव्हवरील मैफली उतरवून घेण्याची सोय बंद झाली, आणि श्रोत्यांत इतका क्षोभ उसळला की थोड्याच दिवसांत तडजोड करावी लागली. श्रोत्यांनी केलेली मुद्रणे उतरवून घ्यायला पुन्हा खुली झाली. मेजावरून घेतलेली मुद्रणे तिथल्या तिथे ऐकण्यापुरती राहिली. मला ही वाटणी न्याय्य वाटते. उलट युरोपच्या त्या संपूर्ण संचाच्या अवघ्या ७,२०० प्रती काढल्या आणि त्या पाहता पाहता संपल्या, हे मला रुचले नव्हते. पुढे ते कार्यक्रम सुटे मिळू लागले म्हणून बरे.

जाता जाता आपल्या मुंबईशी जुळणारा एक दुवा. ग्रेटफुल डेडचे आरंभीचे ध्वनितंत्रज्ञ आउझ्ली स्टॅन्ली (एलएसडीच्या निर्मितीमुळे अधिक कुप्रसिद्ध) आपले काम तपासण्यासाठी प्रत्येक कार्यक्रमाची टेप रोजनिशीसारखी ठेवत. त्यांनी इतरांच्या मैफलीही टिपल्या. त्यांत २९ मे १९७० ची सॅन फ्रान्सिस्कोतली उस्ताद अली अकबर खाँ यांची मैफल आहे, सतारीवर इंद्रनील भट्टाचार्य आणि तबल्यावर एकोणीस वर्षांचे झाकिर हुसेन. ती २०२० मध्ये स्टॅन्लींच्या नावाच्या प्रतिष्ठानाने प्रकाशित केली. पन्नास वर्षे एका रॉक तंत्रज्ञाच्या रिळांत आपल्या माहीमच्या मुलाचा तो ऐन उमेदीतला हात जपून राहिला होता.

ज्यांना या बँडची काहीच ओळख नाही त्यांनी कॉर्नेलपासून सुरुवात करू नये, असे मी सुचवीन. आधी ९ मेची बफेलोची मैफल पूर्ण ऐका, मग ८ मेची. ऐकून झाले की कोणती रात्र उजवी वाटली, ते खाली लिहा.