जुन्या लाकडाला किनाऱ्याची कळा

गोमंतकातील जुन्या घरांत माळ्यावर वा पडवीच्या कोपऱ्यात एखादे रंग उडालेले स्टूल किंवा डगमगती तिपाई पडलेली असतेच. ती टाकवत नाही आणि दिवाणखान्यात ठेववतही नाही. अशा वस्तूला लाटांबरोबर वाहून आलेल्या ओंडक्याची रुपेरी-करडी कळा घरच्या घरी देता येते.

मात्र शिसवाच्या वा कोरीव सागवानाच्या वडिलार्जित वस्तूंना यातून वगळावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. स्पिरिटमध्ये भिजवलेला बोळा फिरवताच पृष्ठभाग चिकट झाला, तर ते चपड्याचे पॉलिश समजावे. ते पुन्हा उजळता येते. पण रंध्रांत मुरलेला रंग पुरता निघत नाही. हौसेपायी पूर्वजांची ठेव गमावू नये.

दुसरा इशारा आरोग्याचा. घरगुती रंगांतील शिसे दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो आणि लहान मुलांना ते विशेष घातक. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये, जाळूही नये. पाण्यातला काचकागद वापरावा, तोंडावर मुखपट्टी बांधावी, मुलांना व गर्भवतींना दूर ठेवावे आणि पडलेला चुरा ओल्या फडक्याने टिपून घ्यावा.

आता कृती. उन्हातील अतिनील किरणांनी लाकडातील लिग्निन विघटित होते, पाणी ते धुऊन नेते आणि करडे तंतू उरतात. मऊ भाग आधी झिजून रेषा वर येतात. आपल्याला याचेच अनुकरण करावयाचे आहे. उघड्या, कोरड्या लाकडावर तारेचा ब्रश रेषांच्या दिशेने हलकेच फिरवावा. भोके लांबीने बुजवावीत. पाण्यात मिसळणाऱ्या करड्या-तपकिरी रंगाचा पातळ हात द्यावा. तो वाळल्यावर कडांवर मेणबत्ती घासावी. मग किंचित निळसर पांढऱ्या रंगात तितकेच पाणी घालून तो लावावा व ओला असतानाच फडक्याने रेषांच्या दिशेने पुसावा. दुसऱ्या दिवशी २२० नंबरच्या काचकागदाने कडा घासाव्यात; मेण असलेल्या जागी खालचा रंग डोकावतो. मेणाचा अंश नीट काढावा, नाहीतर वरचे वार्निश धरत नाही. शेवटी पाण्यात मिसळणाऱ्या, चमक नसलेल्या वार्निशचे दोन हात द्यावेत. तेलाचे वार्निश कालांतराने पांढऱ्यावर पिवळी झाक आणते.

पावसाळ्याच्या दमट हवेत हे काम काढू नये. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम. आणि झीज दाखवायची ती जिथे हात लागतो, पाय टेकतो, तिथेच दाखवावी. सर्वत्र सारखी खरवडलेली वस्तू जुनी दिसत नाही, केवळ दुर्लक्षित दिसते.